पाऊस थुंकणारे सासरेबुवा

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत माझ्या नावानं माझा पत्ता विचारलात तर कुणी सांगणार नाही. "टेपवालो खंय रावता?" असं विचारा. सर्वणच्या वाटेवरचा पानवाला दुकान उघडं टाकून तुम्हांला दारापर्यंत पोचवील आणि वाटेत माझ्या दोन-तीन फजित्या फुकट सांगेल. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'कामातल्या यशाबद्दल लिहा' असं कळवलं आहे. ते अर्ध्या पानात आटोपेल आणि उरलेल्या जागेत त्यांना फटाक्यांच्या जाहिराती छापाव्या लागतील. म्हणून मी आपला फजित्यांबद्दलच लिहितो.

मी सरकारी ड्राफ्ट्समन होतो. जुनी घरं, देवळं, धर्मशाळा मापायच्या आणि कागदावर उतरवायच्या, हे माझं काम. ऐकायला सोपं आहे. टेप ताणायचा, आकडा लिहायचा, रेघ मारायची. पण जुन्या इमारतीची एकही खोली काटकोनात नसते. चारी भिंती मापल्या तरी ती कागदावर नीट बसत नाही. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं मापही घ्यावं लागतं. नोकरीत नवा असताना मी ते तिरकं माप घ्यायचं विसरलो आणि डिचोलीकडच्या एका देवळाचा असा नकाशा काढला, की गाभारा सरकत सरकत तुळशीवृंदावनापाशी आला. पुजाऱ्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "देवाक भायर काडलो मरे तुमी!"

दुसऱ्या एका घरात शिंपल्यांची जनेलं होती. काच महाग होती त्या काळात आमच्याकडे पातळ, चपटे शिंपले चौकोनी घासून खिडकीच्या लाकडी चौकटीत बसवत. त्यातून दुधाळ, शांत उजेड येतो. मला वाटलं, काच मळली आहे. मी आपुलकीनं रुमाल ओला केला आणि जोर लावून पुसायला लागलो. तिसऱ्या चौकोनात माझं बोट आरपार गेलं. आतून घरमालकीण त्या बोटाकडे बघून म्हणाली, "आयलां तर दारांतल्यान येयात."

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. टेपला दोन टोकं असतात. एक माझ्या हातात, दुसरं घरातल्या कुणाच्या तरी हातात. भिंत मापता मापता तो माणूस बोलायला लागतो. अमुक खोली दिराची, तमुक दार सासू मेल्यावर फोडलं, हा कोनाडा भांडणानंतर बुजवला. घराचा खरा नकाशा त्या दुसऱ्या टोकाला असतो. हे शहाणपण मला फार उशिरा आलं, आणि ते कसं आलं तेच आज सांगायचं आहे.

तर मुळात माझं डोकं बिघडवलं मुंबईनं. पदविकेसाठी मी तिथं होतो तेव्हा मी फक्त मुंबईचे वरचे मजले पाहिले. मान सदा वर. त्यापायी केळ्यांच्या पाटीत पाय पडला आणि एकदा तर हवालदाराच्या पोटावर जाऊन आदळलो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साहेबांच्या आर्किटेक्टांनी तिथं कोर्ट, विद्यापीठाचा मनोरा, बोरीबंदरचं स्टेशन असं काय काय उभं केलं. टोकदार कमानी, जुडी बांधल्यासारखे खांब, दगडात कोरलेली पानं, आणि छपराच्या कडेला चित्रविचित्र तोंडं, ज्यांच्या जबड्यातून पावसाचं पाणी लांब फेकलं जातं. या शैलीला गॉथिक म्हणतात. त्या एकेका आर्किटेक्टचं नाव मला पाठ होतं. आमचं सर्वणचं घर कुणी बांधलं, हे मात्र मला आजही ठाऊक नाही. विचारावंसं वाटलं तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराला आमच्या खात्याला जाग आली आणि शंभरेक वर्षांच्या इमारतींची पाहणी करायचं ठरलं. भाषेचा वाद तेव्हा ताजा होता. ऑफिसात मराठीवाले आणि कोंकणीवाले वेगवेगळ्या किटलीतला चहा पीत. अहवाल कुठल्या भाषेत लिहायचा यावर इतकी डोकेफोड झाली, की शेवटी आमच्या साहेबांनी तो इंग्रजीत लिहायला लावला. म्हणजे कुणालाच धड कळणार नाही आणि कुणी भांडणार नाही. मी मराठीवाला, बायको कोंकणीवाली. आमच्या घरी मात्र किटली एकच होती, आणि ती तिच्या हातात होती.

पेडण्याचा किनाऱ्याकडचा भाग माझ्या वाट्याला आला. शिवोलीला फेरीबोटीत बसायचं, पलीकडे चोपड्याला उतरून बस धरायची. एका पावसाळी सकाळी मी मांद्र्याच्या अलीकडच्या एका वाड्यावर उतरलो आणि रस्त्यातच थबकलो. समोर आपलं नेहमीचं बैठं कौलारू घर होतं, आणि त्याच्या पुढ्यात टोकदार कमानींचं बाल्कांव! कुणी धोतरावर साहेबाचा कोट चढवून उभं राहावं तसं. बाल्कांव म्हणजे घरापुढचा छपराखालचा ओटा; त्याच्या दोन्ही बाजूंना बसायला बांधीव बाक असतात, त्यांना सोपे म्हणतात. त्या तीन कमानींखाली मुंबई उभी होती. खांब जुडीसारखे, त्यांच्या माथ्यावर कोरीव पानं, आणि डाव्या कोपऱ्यात छपराखालून बाहेर आलेलं एक माणसाचं तोंड.

"अहाहा!" मी म्हणालो.

"कितें जालें रे? मुंगी चावली?" सोप्यावरून आवाज आला.

एक वृद्ध बाई निरफणस चिरत बसल्या होत्या. त्यांना सगळा वाडा माई म्हणे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बोटीवर नोकरीला, घरात त्या आणि सून सुलभा. माईंचं घर म्हणजे ते बाल्कांवच. बसची वाट बघणारे तिथं बसत, पोस्टमन तिथं पत्रं लावी, पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळचे उंडे पाव तिथंच ठेवून जाई, आणि माई उजव्या सोप्यावर बसून प्रत्येकाला कुठून आलास आणि कुठं चाललास हे विचारत. उत्तर पटलं तरच चहा मिळे.

मी ओळख सांगितली. सुलभानं टेपचं दुसरं टोक धरलं.

"माई, हे बाल्कांव कुणी बांधलं?"

"आमच्या आजेसासऱ्यान."

"बांधून घेतलं त्यांनी. पण आखलं कुणी?"

"मेस्त आसतलो कोण तरी."

मेस्त म्हणजे आमच्याकडचा गवंड्यांचा म्होरक्या. मी हसलो. आता आठवलं की माझेच कान पिळावेसे वाटतात, असं हसलो. "माई, हे मेस्ताचं काम नव्हे. हे मुंबईच्या एखाद्या मोठ्या साहेबाचं काम."

"साहेब हांगा आयिल्लो?"

"आलेला असणारच."

माईंनी सुरी थांबवली आणि गंभीरपणे विचारलं, "मागीर जेवलो खंय तो?"

मी शिडी मागितली.

इथं थोडं दगडाबद्दल सांगतो. आमच्याकडचा तांबडा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्यावर राहून टणक होतो; पण अंगावर इतकी भोकं, की त्यात बारीक नक्षी कोरता येत नाही. म्हणून भिंत चिऱ्याची आणि नक्षी वरच्या चुन्याच्या गिलाव्यात घडवलेली. शिडीवरून मी ते तोंड जवळून पाहिलं. सुपाएवढे कान, लोंबता खालचा ओठ, एक भुवई कपाळात चढलेली आणि हनुवटीला खोल खळी. छपराची पन्हळ मागून येऊन त्याच्या घशात उतरत होती, पण ओठांत पानं अडकलेली. मी बोट घालून ती उपसली.

सकाळभर पडलेला पाऊस त्याच्या घशात तुंबला होता. तो सगळा माझ्या तोंडावर आला.

"थुंकलो!" माईंनी टाळी वाजवली. "गे सुलभा, थुंकलो गे! कितलेशे दिस गप आसलो, आज बोल्लो!"

अंग पुसायला पंचा मिळाला आणि निरफणसाची तळलेली कापं मिळाली. खाता खाता मी विचारलं, "माई, उजव्या कोपऱ्यात असंच दुसरं तोंड असणार. ते कधी पडलं?"

"दुसरें नासलेंच. एकूच आसता तें."

सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं, ते मी बघितलं. पण माझ्या तोंडात काप होतं आणि डोक्यात मुंबई. नकाशात मी उजव्या कोपऱ्यावर तुटक रेघांनी दुसरं तोंड काढून दिलं. इमारतीत समतोल हवा!

अहवाल तर असा लिहिला, की वाचून माझा मलाच आदर वाटावा. कमानीची चण फ्रेंच. खांबांच्या माथ्यावरचं पान ॲकॅन्थस, म्हणजे युरोपातल्या जुन्या इमारतींवर असतं ते. काम मुंबईच्या अमुक साहेबाच्या हाताखालचं, किंबहुना त्याच्याच हातचं. आणि कोपऱ्यातलं तोंड हे त्या आर्किटेक्टनं स्वतःचंच घडवलेलं. आमचे साहेब खूश झाले. तोंडाचं चित्र मी घरी बायकोला दाखवलं.

"हो कसलो साहेब?" ती म्हणाली. "असलो मनीस हांवें डिचोलेच्या बाजारांत देखला."

इतिहासात अंदाजपंचे बोलून चालत नाही, हे मी तिला बराच वेळ समजावून सांगितलं.

पाऊस संपला, आणि एका दुपारी सुलभा थेट ऑफिसात उभी राहिली. समुद्राकडे जाणारा रस्ता रुंद होणार होता. माणसं येऊन चुन्याची रेघ मारून गेली होती. ती रेघ डाव्या सोप्यापासून उजव्या सोप्यापर्यंत सरळ बाल्कांवातून जात होती.

"भाऊ, माई जेवणाक हात लायना," ती म्हणाली. "म्हणतात, बाल्कांव गेल्यार हांव भितर बसून कितें करूं? भितर माका कोण मेळटा?"

आमच्या साहेबांनी रस्त्याच्या इंजिनिअरांशी फोनवर बोलून घेतलं. इंजिनिअर म्हणाले, जागेवर येतो, पटलं तर रेघ हलवीन, नाही पटलं तर सोमवारी काम सुरू. पटवायला कोण जाणार? अहवाल लिहिणारा. मी रात्रंदिवस घोकलेली नावं मनात रांगेनं उभी केली आणि निघालो.

इंजिनिअर जीपमधून उतरले. डोक्यावर कानांवरून ओढलेली टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि लाल धुळीसाठी नाकातोंडावर बांधलेला रुमाल. माणूस कसा आहे याचा काही पत्ता लागेना. माई सोप्यावर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी सोप्याची कड धरून. त्या दिवशी त्यांनी आल्या माणसाला कुठून आलास हेदेखील विचारलं नाही.

मी सुरुवात केली. मुंबईचं कोर्ट झालं, विद्यापीठ झालं, फ्रान्स झालं. इंजिनिअर रुमालाच्या आतून म्हणाले, "तो साहेब इथं आला होता याला पुरावा?"

"पुरावा इमारतीतच आहे."

"लेखी?"

"लेखी नाही. पण..."

"मग माझी रेघ सरळ आहे," ते म्हणाले आणि जीपकडे वळले.

माईंनी डोळे मिटले. मला काही सुचेना, आणि मला काही सुचत नाही तेव्हा मी जास्त बोलतो. मी धावत जाऊन त्यांना त्या कोपऱ्याखाली आणलं. "हे तोंड बघा, साहेब! हे आपल्याकडच्या माणसाचं असणंच शक्य नाही. हे कान बघा, सूप लावल्यासारखे. हा ओठ बघा, बांगड्याच्या पाटीवर बसलेल्या मांजरासारखा लोंबतोय. ही भुवई! हनुवटीत तर सुपारी मावेल एवढा खड्डा. असला नमुना आपल्या गोव्यात जन्माला येत नाही, साहेब. हा परदेशीच!"

तेवढ्यात सुलभा चहा घेऊन आली. इंजिनिअरांनी चष्मा काढला, टोपी काढली, आणि चहा प्यायला रुमाल खाली ओढला.

सुलभानं त्यांच्याकडे बघितलं. मग वर बघितलं. मग पुन्हा त्यांच्याकडे. तिनं ट्रे सोप्यावर ठेवला आणि तोंडात पदर कोंबून आत पळाली. मीही वर बघितलं आणि खाली बघितलं. सुपासारखे कान. लोंबता ओठ. आणि माझं वर्णन ऐकून एक भुवई हळूहळू कपाळात चढत होती.

त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर मी माप न घेता आत उतरलो असतो.

माईंचे डोळे उघडले होते. त्या सोप्यावरून पुढे वाकल्या. "तूं कोणाचो रे पुता?"

"म्हणजे?"

"म्हणजे घर खंयचें तुजें?"

"डिचोलीचं. वयलें घर म्हणतात आमच्या घराला."

"वयल्या घरचो!" माईंनी मांडीवर थाप मारली. "तरीच म्हणटां! अरे, हो वयर बसला तो तुजो पणजो!"

मग माईंनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या आजेसासऱ्यांची सासुरवाडी डिचोलीचं वयलं घर. सासरे तालेवार. लेकीला पोचवायला पहिल्यांदा इथं आले तेव्हा पावसाळा होता आणि या घराची ओसरी गळत होती. सासरे पाटावर बसले, पानात थेंब पडला, आणि चार माणसांत म्हणाले, "जांवयबापू, तुमच्या ओसरीत पाऊस पाहुण्याच्या आधी येऊन बसतो." जावयांनी ते मनात ठेवलं. पुढं व्यापाराच्या कामासाठी मुंबईला गेले, तिथल्या नव्या इमारती बघितल्या, आणि परत येऊन मेस्त इनास नावाच्या बारदेशच्या गवंड्याला बोलावलं. मेस्तानं मुंबई बघितलेली नव्हती. जावयांना चित्र काढता येत नव्हतं.

"मागीर सांगलें कशें?" माई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडून बोटांची टोकं जुळवली. "कमान अशी. खांब? माडयेच्या जुडयेसारके. वयर पानां. मेस्तान विचारलें, खंयचीं पानां? आजेसासऱ्यान मुखार दाखयलें, तीं."

त्यांनी बोट केलं तिकडे मी वळलो. रस्त्याच्या पलीकडे, माईंच्याच जमिनीच्या तुकड्यात, निरफणसाचं झाड होतं. मोठमोठी, बोटं पसरल्यासारखी पानं. मी खांबाकडे बघितलं. तीच. त्या झाडाची कापं खात खात मी 'ॲकॅन्थस' लिहिलं होतं. कमानीसमोर मी आपले हात जोडून धरले. फ्रेंच चण माझ्या तळव्यांत चपखल बसली.

"आणि तोंड?" मी विचारलं.

"मुंबयंत पावसाक भायर उडोवपी भिरांकूळ, भयंकर तोंडां आसतात म्हणून सांगलें. मेस्तान विचारलें, भिरांकूळ म्हणजे कोणासारकें? आजेसासरो म्हणालो, माज्या मांवासारकें, सासऱ्यासारकें. आतां माज्या ओसरींतलो पाऊस तोच भायर उडयतलो!"

"म्हणून एकच," मी म्हणालो.

"मनशाक सासरे कितले आसतात रे?" माई म्हणाल्या. मग माझ्याकडे निरखून बघत त्यांनी जोडलं, "आणि मेस्त हांगा, ह्याच सोप्यार जेवतालो. तुजो साहेब खंय जेवलो तें तूं अजून सांगूंक ना."

"माई, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तूं बोलताना बरो दिसतालो."

मी हसलो. सुलभा दाराआडून हसत होतीच. पण इंजिनिअर हसत नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि अशानं तो वरच्या तोंडासारखा अधिकच दिसत होता.

"म्हणजे आमचे पणजोबा इतकी वर्षं भर रस्त्यावर थुंकताहेत," ते म्हणाले. "आणि येणारे-जाणारे बघताहेत. छान! बाई, मग तर हे पाडायलाच हवं."

एवढा वेळ निदान रेघ नुसती सरळ होती. आता ती रागावली होती.

माई मात्र सावकाश उठल्या. भिंतीच्या खुंटीवरून त्यांनी काथ्याची एक झिजलेली जुडी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "हें कितें तें जाणा?"

"काथ्या."

माई सांगू लागल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्या नवी नवरी होऊन या घरात आल्या तेव्हा थोरली आजी हयात होती. थोरली आजी म्हणजेच त्या सासऱ्यांची लेक. नवऱ्यानं आपल्या बापाचं तोंड घराच्या कोपऱ्याला लावलं तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. बातमी डिचोलीला पोचली, आणि तेव्हापासून बापानं या घराची वाट सोडली. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माहेराहून लेकीला व्हजें येतं आमच्याकडे, म्हणजे नारळ, फळं, नेवऱ्या, लाडू यांची पाटी. ती पाटी पुन्हा कधी आली नाही. डिचोलीचा कुणी बसायला थांबला तर आजी विचारी, "वयल्या घरचे बरे आसात?" बस, तेवढंच. पण दर वर्षी चवथीआधी घर साफ व्हायचं तेव्हा ती शिडी लावायला सांगे, पदर खोचून स्वतः वर चढे, आणि काथ्यानं बापाच्या तोंडावरचं शेवाळ काढी. कान आधी, मग कपाळ, मग ओठ. चुना उडाला असेल तर बोटानं लावी.

"म्हातारी जाली, चडूंक मेळना जालें, तेन्ना हो काथ्या माज्या हातांत दिलो," माई म्हणाल्या. "माज्यान जायना जालें, तेन्ना हांवें सुलभाक दिलो. ह्या घरांतल्या खंयच्याय सुनेन चवथ केली ना, तुज्या पणज्याचें तोंड धुयल्याबगर."

इंजिनिअर काथ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, आणि आता ते आमच्या बोलीत बोलत होते, "आमच्या घरांत तांचो फोटो ना. एकूय ना. कशे दिसताले, कोणाकूच खबर ना."

माईंनी काथ्या त्यांच्या हातात ठेवला.

"शिडी आसा?" त्यांनी विचारलं.

मी शिडी धरली. ते काथ्या घेऊन वर चढले. मग त्यांनी एका हाताचा अंगठा आपल्या हनुवटीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताचा त्या चुन्याच्या हनुवटीवर. खाली उतरले तेव्हा त्यांच्या भुवईला चुना लागला होता आणि कुणी तो पुसा म्हणालं नाही.

ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले. पावलं टाकत मापलं. परत येऊन म्हणाले, "रेघ त्या वटेन व्हरूंक जाता. पूण तें झाड वता." म्हणजे रस्ता पलीकडे न्यायचा तर निरफणस तोडायचा.

माईंनी निरफणसाकडे बघितलं. आजेसासऱ्यांच्या वेळचं झाड, अजून लगडणारं. मग बाल्कांवाकडे बघितलं. त्यांना ठरवायला वेळ लागला. मला वाटतं, त्या दिवशी खरी किंमत त्यांनीच मोजली.

"व्हर," त्या म्हणाल्या. "पूण आमी फळां काडल्यार मागीर."

इंजिनिअरांनी बाल्कांवातली चुन्याची रेघ स्वतःच्या बुटानं पुसली.

पुढं मांद्र्याला जाणारा तो रस्ता त्या घरापाशी एक गिरकी घेतो. नव्या ड्रायव्हरना ते वळण कशासाठी ते कळत नाही. निरफणस आता नाही. त्याची पानं फक्त खांबांवर उरली आहेत. माझा अहवाल मी दुरुस्त करून दिला. उजव्या कोपऱ्यातलं तुटक रेघांचं तोंड खोडलं, मुंबईचे सगळे साहेब काढून टाकले आणि आर्किटेक्ट म्हणून मेस्त इनासचं नाव घातलं. आमचे साहेब हिरमुसले. बायको म्हणाली, "डिचोलेचो बाजार म्हणून हांवें पयलींच सांगिल्लें." त्या आठवड्यात किटलीला हात लावायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या वर्षीच्या चवथीला माईंचं बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. माटोळी, म्हणजे गणपतीच्या माथ्यावरची रानफळांची चौकट, आतून घमघमत होती. जीप थांबली. इंजिनिअर उतरले, त्यांच्या पत्नी उतरल्या, आणि त्या दोघांच्या मध्ये आधार घेत इंजिनिअरांची म्हातारी आई उतरली. मागून पाटी आली. नारळ, केळी, लाडू, नेवऱ्या. शतकभर थांबलेलं व्हजें.

म्हातारी पायरीपाशी आली, तिनं मान वर केली आणि काथ्यानं नुकतंच घासलेलं ते तोंड बघितलं. वयल्या घरात ती सून म्हणून आलेली. आजेसासऱ्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिचा हात आपोआप खांद्याकडे गेला. तिनं पदर डोक्यावरून घेतला, नीट कपाळापर्यंत ओढला आणि लेकाला म्हणाली, "पांयां पड रे."

इंजिनिअर वाकले, पत्नी वाकली. त्याच वेळी सर आली. पन्हळ भरली, आणि सासरेबुवा थुंकले. वाकलेल्या पाठींवर, नारळांवर, लाडवांच्या डब्यावर. शहाणपणानं मी या वेळी लांब उभा होतो. वारा फिरला आणि मलाही माझा वाटा मिळाला.

"बघा, अजून राग गेला नाही," इंजिनिअर डोळे पुसत म्हणाले.

"राग कसलो? काम करता तो आपलें," माई म्हणाल्या. "भितर येयात सगळीं."

आम्ही ओथंबत आत शिरलो आणि सोप्यांवर बसलो. बाहेर धो धो कोसळत होता. मला माझ्या धंद्याची सवय. मी खाली वाकलो आणि त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत जमिनीवरून हात फिरवून पाहिला. आम्ही आणलेलं पाणी सोडलं तर मेस्त इनासच्या बाल्कांवात पावसाचा एक थेंब नव्हता.